तिळाएवढा गरुड

“आत्या, तुझे हे फोटो बघवत नाहीत गं!”

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. आमच्या मालवणच्या घराच्या पडवीत माझा दहावीतला पुतण्या संगणक मांडीवर घेऊन बसला होता. त्याला मीच कामाला लावलं होतं. काम तसं सोपं. वर्षभरात काढलेल्या फोटोंपैकी जे फसले, ते मी ‘नको’ नावाच्या कप्प्यात टाकत गेले होते. ते पुसून टाक, म्हणजे जागा होईल, एवढंच सांगितलं होतं. पण मुलगा पडला चौकस. पुसण्याआधी तो एकेक फोटो उघडून बघायला लागला आणि मग त्याला माझी कीव यायला लागली.

त्याचं काय झालं, माझी भिशी लागली होती. साठ हजार रुपये! मी शाळेत शिकवते. शाळा सुटली की कॅमेरा गळ्यात अडकवून दांडीच्या किनाऱ्यावर, तारकर्लीला, नाहीतर देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं फिरायचं, हा माझा जुना छंद. कॅमेरा २०१५ साली घेतलेला, त्याच्याबरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची छोटी लेन्स. एवढ्या वर्षांनी आता नवा, चांगला कॅमेरा घ्यायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मला दोन्ही हवं होतं : किल्ल्याचे, समुद्राचे, ढगांचे मोठे देखावे, आणि पक्षीही. आणि पैसे होते एकाच गोष्टीपुरते.

माझं मन ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यावर बसलं होतं. फुल फ्रेम म्हणजे काय? कॅमेऱ्याच्या आत, जिथं पूर्वी फिल्म असायची तिथं आता सेन्सर नावाची चकती असते. प्रकाश तिच्यावर पडतो आणि चित्र उमटतं. फुल फ्रेममध्ये ही चकती जुन्या फिल्मएवढी, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. माझ्या कॅमेऱ्यात ती साडेतेवीस मिलिमीटर रुंदीची आहे. मोठी चकती जास्त प्रकाश गोळा करते. त्यामुळे तिन्हीसांजेला काढलेले फोटोसुद्धा स्वच्छ येतात, दाणेदार दिसत नाहीत. हे सगळं खरं. मी तर किंमतसुद्धा काढून ठेवली होती. सगळी भिशी त्यातच गेली असती.

पुतण्या म्हणाला, “आत्या, पुसायच्या आधी हे फोटो का फसले ते तरी लिहून काढूया का?”

मी म्हटलं, “काढ बाबा. तुला तेवढीच करमणूक.”

त्यानं गणिताच्या वहीचं मागचं पान घेतलं, उभ्या रेघा मारल्या आणि दोनशे फोटो तपासले. संध्याकाळी चहाच्या वेळी निकाल लागला. ‘पक्षी फार लहान’ : ९१. ‘हलले’ : ३८. ‘आकाश पांढरंफट्ट, किल्ला काळाकुट्ट’ : २९. ‘समुद्र तिरका’ : २६. आणि शेवटच्या रकान्यात १६. त्या रकान्याचं नाव त्यानं ठेवलं होतं ‘कंटाळवाणे’!

मी थोडी रागावलेच. पण रात्री जेवणं झाल्यावर तो कागद पुन्हा हातात घेतला आणि एक गोष्ट लक्षात आली. यातल्या किती चुका नवा कॅमेरा दुरुस्त करणार होता?

समुद्र तिरका आला तो माझ्या तिरक्या हातामुळे. माझ्या त्याच जुन्या कॅमेऱ्यात पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणता येते. तिच्यातली एक आडवी रेघ क्षितिजाला जुळवली की झालं. इतक्या वर्षांत ती जाळी मी कधी चालूच केली नव्हती. बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्येही अशी सोय असते, तुम्ही घरातल्या मोबाइलमध्ये शोधून पाहा.

काळ्याकुट्ट किल्ल्याची गंमत तर आणखीच. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर, म्हणजे मालवणच्या पश्चिमेला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू केलं आणि १६६७ साली तो पुरा झाला. मी जाणार शाळा सुटल्यावर, संध्याकाळी. तेव्हा सूर्य किल्ल्याच्या मागे! मग तट काळा दिसणार नाही तर काय होणार? सकाळी गेलं तर ऊन आपल्या पाठीकडून येतं आणि तटाचा दगड न् दगड उजळतो. म्हणजे हवं होतं काय, तर पहाटेचा गजर.

माझे वडील पडवीत बसून हे सगळं ऐकत होते. ते आयुष्यभर होडीवर गेलेले. त्यांनी त्यात आणखी एक भर घातली. “सुकती बघून जा,” म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी. त्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास आणि सुकती त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास. ढोबळ हिशेब आहे, आमच्याकडे तासभर इकडेतिकडे होतं. पण सुकतीला वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात सबंध आकाश उतरतं, तेव्हा तसा देखावा कुठलाही महागडा कॅमेरा स्वतःहून निर्माण करू शकत नाही. (सुकतीला पद्मगडाकडे वाळूतून चालत जाता येतं. पण माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका. पाणी परत येतं तेव्हा ते कुणाला विचारून येत नाही.)

देखाव्यांच्या बाबतीत मला पुस्तकात वाचलेली एक हकिगतही आठवली. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स नावाचे फार मोठे छायाचित्रकार होऊन गेले. १९२७ सालच्या एप्रिल महिन्यात, पंचवीस वर्षांचे असताना, ते योसेमिटीच्या डोंगरात ‘हाफ डोम’ नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोहोचले. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघत आणि त्यांच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. एक त्यांनी पिवळी काच लेन्सपुढे लावून वापरली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की या फोटोत आकाश साधंच दिसेल. कडा बघून मनाला जो धाक वाटतोय, तो काही उतरणार नाही. म्हणून शेवटची प्लेट त्यांनी गडद लाल काच लावून घेतली. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा पुढे झेपावल्यासारखा दिसला. तो फोटो जगभर गाजला. एकच प्लेट शिल्लक, म्हणून माणूस थांबून विचार करतो. मी मात्र एका संध्याकाळी दीडशे फोटो काढते आणि त्यातले सोळा कंटाळवाणे निघतात!

तर देखाव्यांचा प्रश्न बिनपैशांनी सुटत आला. एक तिपाई तेवढी हवी होती, म्हणजे अंधुक उजेडात कॅमेरा हलणार नाही.

राहिले ते ९१ लहान पक्षी. ते बघताना मात्र मला हसू आलं नाही. आता जे सांगणार आहे ते मी कधी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

२०१६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. कॅमेरा नवाच होता, उत्साह उतू जात होता. आमच्या किनाऱ्यापासून थोडं आत एका जुन्या आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं आहे, असं मला कळलं. कुठलं गाव, ते सांगणार नाही. घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा नसतो, एवढं शहाणपण मला आता आलं आहे. समुद्रगरुड तुम्ही पाहिलाय? पांढरंशुभ्र डोकं आणि पोट, राखी पाठ, पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटर. तो पाण्यावरून झेपावत जातो आणि पायांनी मासा उचलतो, समुद्रसापही उचलतो. काटक्यांचं भलंमोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो. थंडीच्या सुरुवातीला मादी बहुधा दोन अंडी घालते.

मी पोहोचले तेव्हा एक पक्षी घरट्यात बसला होता. गडग्याच्या अलीकडून फोटो काढला, तर पक्षी म्हणजे नुसता ठिपका. माझी लेन्स पडली ५५ मिलिमीटरची! मग मी गडगा ओलांडला. आणखी एक फोटो काढला. अजून ठिपकाच. आणखी पुढे गेले. असं करत करत थेट आंब्याखाली जाऊन उभी राहिले. तेव्हा तो उडाला. घोगऱ्या आवाजात ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालायला लागला. मला वाटलं, वा! आता परत येऊन बसेल तेव्हा छान फोटो मिळेल. म्हणून मी तिथंच थांबले. एक तास. दीड तास. तो काही खाली आला नाही. कावळे मात्र आले. आधी दोन, मग पाच-सहा, आणि सरळ घरट्याच्या काठावर जाऊन बसले.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी जाळं विणता विणता मान वर केली. म्हणाले, “तेचा घर ता. तू दारात उभा रवलंस तर तो घरात येतलो कसो?”

आठ दिवसांनी लांबूनच पाहिलं तेव्हा घरटं रिकामं होतं. पुढल्या वर्षीही त्या आंब्यावर कुणी आलं नाही. माझ्यामुळेच असं झालं का? कदाचित दुसरंही काही कारण असेल. पण ते कावळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, त्याच्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याचं नाव आहे, म्हणजे कायद्यानं त्याला सगळ्यांत जास्त संरक्षण दिलंय. आणि मी शाळेतली बाई, माझ्या वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवणारी!

त्या दिवसाचा शेवटचा फोटो माझ्याजवळ आहे. निळं आकाश आणि कोपऱ्यात दूर जाणारा एक ठिपका. तोही त्या ‘नको’ कप्प्यात कधीचा पडून होता. पुतण्यानं त्याला ९१ मध्ये धरलं होतं.

त्याला मी ही हकिगत सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग तू लांबच उभं राहायचं ठरव, आणि लांबून किती मोठी लेन्स लागते ते काढू. समरूप त्रिकोण आहेत की हे!”

खरंच की! दहावीच्या भूमितीचा असा उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं. पक्ष्याची उंची भागिले त्याचं अंतर, हे बरोबर चित्राची उंची भागिले लेन्सचं नाभीय अंतर. समुद्रगरुड धरला ७० सेंटिमीटरचा आणि आपण १०० मीटरवर. ५५ मिलिमीटरच्या लेन्सनं सेन्सरवर त्याचं चित्र पडतं ०.३८५ मिलिमीटर. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान! ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर २.८ मिलिमीटर, म्हणजे साधारण तिळाएवढं. माझ्या सेन्सरच्या रुंदीत सहा हजार ठिपके आहेत, म्हणजे एका मिलिमीटरला २५५. खसखशीत गरुडाच्या वाट्याला ९८ ठिपके येतात आणि तिळात ७१४. एवढ्या ठिपक्यांत डोळा दिसतो, चोच दिसते, पंखाची घडी दिसते.

“आणि तुझ्या त्या फुल फ्रेमवर?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, मोठा सेन्सर, मोठं चित्र. चूक! लेन्स तीच, अंतर तेच, म्हणजे तीळ तेवढाच राहणार. फक्त ताट मोठं. वर तेच सहा हजार ठिपके ३६ मिलिमीटरवर पसरले, तर तिळाच्या वाट्याला ४६७ येतात. म्हणजे सगळी भिशी घालवून माझा गरुड आणखी लहान झाला असता! अर्थात फुल फ्रेममध्येही जास्त दाट ठिपक्यांचे कॅमेरे मिळतात. पण ते माझ्या भिशीच्या बाहेरचे.

ठरलं. कॅमेरा तोच ठेवायचा आणि लेन्स घ्यायची. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) हत्तींचे आणि जंगलाचे अप्रतिम कृष्णधवल फोटो काढत. त्यांनी तर निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून स्वतःचा कॅमेरा बनवला होता. त्या मानानं माझा जुना कॅमेरा म्हणजे राजवाडाच.

नवी लेन्स परवडत नव्हती, म्हणून वापरलेली बघायला आम्ही कोल्हापूरला गेलो. पुतण्या बॅटरी घेऊन तयार. वापरलेली लेन्स घेताना तिच्यात एका बाजूनं उजेड टाकून दुसऱ्या बाजूनं बघायचं असतं. पहिल्याच लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. ती बुरशी. दमट हवेत कपाटात पडून राहिलं की भिंगावर बुरशी चढते. दुकानदार हसून म्हणाले, “तुमच्या किनाऱ्याकडचीच दिसते!” दुसरी १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स मात्र स्वच्छ निघाली. तिची कडी सारखी फिरत होती, रस्त्यापलीकडच्या पाटीवर ती झटकन स्थिर होत होती. ४८ हजारांना मिळाली. तिपाईला सहा हजार गेले. उरलेले सहा वहिनीनं काढून घेतले आणि बँकेत टाकले.

वजन सव्वा किलो! पहिल्या दिवशी देवबागला गेलो, तर हिवाळी पाहुणे कुरव वाळूवर शिस्तीत बसलेले आणि माझे सगळे फोटो हललेले. लांब लेन्समध्ये पक्ष्याइतकाच हाताचा कंपही मोठा होतो. याचाही एक हिशेब आहे. ४०० ला माझ्या लहान सेन्सरचा दीडपट धरला की होतात ६००. म्हणजे कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या सहाशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवायची नाही. उडत्या पक्ष्याला तर दोन हजारावा भागसुद्धा पुरत नाही कधीकधी. एवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश आत यायला लख्ख ऊन हवं. माझी लेन्स स्वस्तातली, तिचं तोंड लहान. सूर्य खाली गेला की तिला दिसेनासंच होतं. हे दुखणं आता सोसायचं. सगळंच कसं मिळेल?

घरी आल्यावर ओलसर फडक्यानं खारं पुसायचं, मग कोरड्यानं, आणि लेन्स हवाबंद डब्यात. डबा फराळाचा आहे. त्यात चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत. आईला तो डबा चिवड्याला हवा असतो. त्यावरून आमचं अजून मिटलेलं नाही.

जानेवारीत दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. यावेळी वडीलही आले. उंच सुरूच्या झाडावर घरटं, आणि समोरच्या चढावर काजूची झाडं. त्यांच्या आडोशाला तिपाई लावली. पुतण्यानं घरट्याच्या दिशेला न जाता, शेजारच्या पायवाटेनं तेवढंच अंतर पावलांनी मोजलं. १४० पावलं, पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे १०५ मीटर. वडिलांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “गो बाय, तुका फोटो व्हयो की पक्षी व्हयो?” मी म्हटलं, “दोन्ही.” ते हसले आणि खाली पाल्यावर बसले.

घरट्याजवळच्या फांदीवर तो बसला होता. मी वीस मिनिटांत अकरा फोटो काढले. तो उडाला नाही, ओरडला नाही, त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही आलो तसे मागच्या मागे निघालो.

घरी पोहोचल्याबरोबर पुतण्यानं फोटो मोठा केला आणि ठिपके मोजले. हिशेबानं यायला हवे होते ६८०. आले ६५५.

“आत्या, पंचवीस कुठे गेले? माझं पाऊल चुकलं की काय?”

वडिलांनी चष्मा लावून पडद्याकडे निरखून पाहिलं. गरुडानं मान खांद्यांत घेतली होती आणि डोळे मिटले होते.

“अरे, झोपलो हा तो,” ते म्हणाले.